न मोजलेलं पाकीट

चेंचोच्या हजेरीच्या कार्डावर मंगळवारी संध्याकाळी सहा वाजून तीन मिनिटांचा शिक्का होता, आणि मंगळवारी चेंचो घरी आला तेव्हा घेवड्याची उसळ तिसऱ्यांदा गॅसवर चढली होती. जोविताने कार्ड उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. सोमवारी सहा-दोन. बुधवारी सहा-चार. जांभळ्या शाईचे तीन सरळ शिक्के, एकही पुसट नाही. सोमवारी बूट काढता काढता नवरा म्हणाला होता, "ओव्हरटाइम लागलाय गं, शाळेच्या बुटांचा हंगाम," आणि ती "बरं" म्हणाली होती. लेओन शहरात जुलै महिन्यात हे वाक्य घरोघर म्हटलं जातं आणि घरोघरच्या बायका बरंच म्हणतात. खरं तर हे कार्ड तिच्या हातात यायलाच नको होतं. नवरा-बायको, भाऊ-बहीण यांचे हिशेब एकमेकांच्या हाती द्यायचे नाहीत असा बार्रागान साहेबांचा नियम होता. साहेब म्हणजे मुख्य हिशेबनीस. त्यांचे नियम त्यांच्या मिशीसारखेच रोज कातरलेले असत. म्हणून कटिंग खात्याची कार्डं, ज्यात चेंचो होता, पलीकडच्या टेबलावरची एर्लिंदा करायची, आणि शिलाई नि सोल खात्याची जोविता. पण एर्लिंदाची मुलगी इरापुआतोला आठव्या महिन्यातच बाळंत झाली, एर्लिंदा बुधवारी दुपारी पर्स उचलून पळाली, आणि गुरुवारी सकाळी तिचा गठ्ठा जोविताच्या टेबलावर येऊन पडला. साहेब म्हणाले, "दोन आठवड्यांचा प्रश्न आहे. तुमच्यावर विश्वास आहे." विश्वास हा शब्द त्यांनी स्टेशनरीच्या कपाटातून मोजून काढून दिल्यासारखा उच्चारला, आणि ते पुन्हा आपल्या काचेच्या खोलीत गेले.

ती हिशेबाला लागली. हात आपोआप चालत होते, तेवढी वर्षं झाली होती. रोजाला आठने भाग, तासाचा दर, जादा तासांना दुप्पट, सहाही दिवस हजर असेल तर सातव्या दिवसाचा रोज फुकट, एक खाडा पडला की रविवारही झिजतो. जादा नऊ तासांपर्यंत दुप्पट आणि त्यापुढे तिप्पट असा कायदा, म्हणून मालकांनी नवव्या तासाला कुंपण घातलेलं: दिवसाला तीन, आठवड्याला तीनच दिवस, सोमवार ते बुधवार, त्यापुढे कोणी थांबला तर आपल्या आनंदासाठी थांबला. ही यादी तिला पाठ होती. आणि ह्या आठवड्याच्या यादीत कटिंग खातं नव्हतंच. कातडं वेळेवर आलं नव्हतं, त्यामुळे फक्त सोल खात्यातल्या सात जणांना ओव्हरटाइम होता. ती सात कार्डं तिने सकाळीच उरकली होती. चेंचोच्या जादा तासांच्या रकान्यात तिने एक आडवी रेघ मारली. रेघ जरा जास्तच दाबून मारली गेली, खालच्या कागदावर तिचा वळ उठला. मग तिला वाटलं, अख्ख्या शहरात नवऱ्याच्या थापेवर स्वतःच्या हाताने अशी रेघ मारणारी बाई आपण एकटीच असू. तिला हसूही आलं, आणि तिने पुढचं कार्ड ओढलं.

तिच्या लहानपणी कोएसियो वस्तीतल्या दोन खोल्यांत शनिवारची दुपार फार शांत असायची. वडील साच्यावर बूट चढवण्याच्या कामाला होते. ते येऊन टेबलाशी बसायचे, टोपी काढून गुडघ्यावर ठेवायचे, आणि पाकीट आईपुढे सरकवायचे. आई अंगठा जिभेला लावायची आणि नोटा मोजायची. एक, दोन, तीन. मोठ्याने नाही, ओठांनी. मोजून झालं की पुन्हा उलटीकडून मोजायची. वडील तेवढा वेळ भिंतीवरच्या ग्वादालुपेच्या माउलीकडे पाहत बसायचे. जोविताला वडिलांची फार दया यायची आणि आईचा राग. एवढा मोठा माणूस, हाताला घट्टे पडलेला, आणि त्याला शाळेतल्या पोरासारखं बसवायचं. पुढे कळलं की वडिलांचं पलीकडच्या वस्तीत एक दुसरं घर होतं, तिथेही एक टेबल होतं, आणि ओव्हरटाइमचे पैसे आईच्या पाकिटात कधी आलेच नव्हते. आई मोजत होती ते अगदी बरोबर होतं, फक्त ते सगळे पैसे नव्हते. हे कळल्यावर आई रडली नाही. म्हणाली, "मला तासांचं कोणी सांगितलंच नाही." हे वाक्य जोविताच्या मनात इतकं रुतून बसलं की ती पगाराच्या कामाला आली ती त्यापायीच असावी. पैसा खोटं बोलतो, तास बोलत नाहीत, असं काहीतरी तिने तेव्हा ठरवून टाकलं होतं. आणि आणखी एक ठरवलं होतं, ते बरीच वर्षं पाळलंही: आपल्यासमोर कोणा माणसाला मोजायला लावायचं नाही.

गुरुवारी चेंचो वेळेवर आला. साडेसहाला दारात. तिने मनात म्हटलं, झाले वाटतं नऊ तास. म्हणजे ती जी कोणी आहे तिलाही कायदा लागू आहे. तो आल्या आल्या नळाखाली मान धरून उभा राहिला, मग टॉवेलने केस पुसत म्हणाला, "आज सुट्टी. कंबर मोडून गेली तीन दिवसांत."

"मोडणारच," ती म्हणाली. "कातडं फार आलं असेल."

"आलंय की." तो टॉवेलच्या आतून बोलला. "डोंगर आलाय."

कातडं आलंच नव्हतं हे तिला माहीत होतं. तो सहज, दात घासताना बोलावं तसा बोलून गेला, आणि तिला त्या सहजपणाचीच भीती वाटली. खोटं बोलताना माणूस अडखळला तर बरं वाटतं, निदान त्याला त्रास होतोय एवढं तरी कळतं. तो अंगणात कुत्र्याशी बोलत बसला तेव्हा तिने धुण्याच्या बादलीतून मंगळवारचा शर्ट ओढून काढला आणि नाकाला लावला. बाईचा वास येईल म्हणून तिने श्वास रोखूनच सुरुवात केली होती. अत्तर नव्हतं, पावडर नव्हती. वास होता सोल्युशनचा, सोल चिकटवायच्या त्या पिवळ्या, डोकं चढवणाऱ्या सोल्युशनचा. कटिंगवाल्याच्या अंगाला कातड्याचा वास येतो, ओला, गोडसर. ह्या वासाबरोबर ती बारा वर्षं झोपली होती. सोल्युशन हा तिच्या घरातला वास नव्हता.

मग संशयाने बाईला सोडलं आणि तो दुसऱ्या गल्लीत शिरला. लेओनमध्ये दर दोन गल्ल्यांआड कोणाच्या ना कोणाच्या मागच्या खोलीत एक चोरटा कारखाना चालतो. चार माणसं, दोन शिलाई यंत्रं, सोल्युशनचा एक डबा, खिडक्या बंद. कातडं मोठ्या कारखान्यातून येतं, शर्टाखाली पोटाला गुंडाळून. अशा कामात चेंचोसारख्या चांगल्या कटिंगवाल्याला सोन्याचा भाव. तिला आठवलं, मागल्या महिन्यात तो म्हणाला होता की मालकाच्या कातड्याचे इतके तुकडे वाया जातात की जीव तुटतो. तेव्हा तिला वाटलं होतं, किती मनापासून काम करतो. आता तेच वाक्य परत आलं आणि त्याचं तोंड वेगळं दिसलं. पकडला गेला तर तो तुरुंगात जाईल, आणि ती? त्याच कारखान्याचा पगार करणारी बायको. कोण म्हणेल की हिला ठाऊक नव्हतं? रात्री तो शेजारी घोरत होता आणि तिला त्याच्या घोरण्यातही काहीतरी लपवल्यासारखं वाटत होतं. विचारून टाकावं असं दोनदा मनात आलं. पण विचारलं की तो उत्तर देणार, आणि उत्तर आलं की त्याच्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे पुन्हा तिलाच ठरवावं लागणार. तिला उत्तर नको होतं, पुरावा हवा होता. आईसारखं फसायचं नाही एवढंच तिला कळत होतं.

शुक्रवारी ती पगारपत्रकं सहीसाठी घेऊन काचेच्या खोलीत गेली. साहेब सही करत होते, प्रत्येक पानावर तीच वेलबुट्टी, आणि ती उभी होती. तिला खरं एवढंच जाणून घ्यायचं होतं की सहानंतर कोणी आत राहू शकतो का. म्हणजे चेंचो बाहेर गेला की आतच कुठे होता. पण हे सरळ कसं विचारायचं? म्हणून तिने वाकडं विचारलं.

"साहेब, संध्याकाळी कार्डं आणि माणसं कोणी ताडून बघतं का?"

साहेबांचं पेन थांबलं. "म्हणजे?"

"म्हणजे, कार्डावर जितके आहेत तितकेच आत असतात का. तेच असतात का."

"तुम्हाला काही दिसलं का, सेन्योरा जोविता?"

"नाही हो. सहज आपलं."

"इतकी वर्षं तुम्ही इथे आहात, सहज काही विचारल्याचं मला आठवत नाही." ते हसले, आणि त्यांनी टेबलावरच्या कॅलेंडरात सोमवारच्या चौकोनात एक छोटा ठिपका काढला. तिने तो ठिपका पाहिला. बाहेर येऊन ती खुर्चीत बसली. पण तिने स्वतःची समजूत घातली की कटिंग खात्याला पुढच्या आठवड्यातही ओव्हरटाइम नाही, तेव्हा साहेबांनी कितीही डोकी मोजली तरी त्यात चेंचोचं डोकं सापडायचं नाही.

शनिवारी दुपारी पगाराच्या दोन खिडक्या उघडतात. एर्लिंदाच्या खिडकीवर माणसं पाकीट घेतात, तिथेच फोडतात आणि मोजतात; एर्लिंदाची एकदा वीस पेसोंची चूक झाली होती आणि ती कोणी विसरलं नव्हतं. जोविताच्या खिडकीवर कोणी मोजत नाही. पाकीट घ्यायचं, शर्टाच्या आत सरकवायचं, "देव भलं करो, सेन्योरा," म्हणायचं आणि चालू लागायचं. नवा माणूस मोजायला लागला तर मागचा त्याला कोपराने ढोसतो, "अरे ए, ही जोविताबाईंची खिडकी आहे." एवढ्याशा गोष्टीवर ती आठवडाभर जगत असे. आज एकच खिडकी उघडी होती, तिची, आणि कटिंगवालेही त्याच रांगेत होते. तेही न मोजता गेले. सोल खात्याचे कूकोमेस्त्री आले. कारखान्यातला सगळ्यात जुना माणूस. चेंचो खेड्यातून आला तेव्हा ह्या म्हाताऱ्याने त्याला महिनाभर आपल्या स्वयंपाकघरात झोपवलं होतं. खिडकीच्या कठड्यावर हाताने चाचपडत त्यांनी पाकीट घेतलं आणि म्हणाले, "बारीक झालीस का पोरी? आवाज बारीक येतोय." ती हसली. मग चेंचो आला. एर्लिंदाऐवजी बायकोच्या हातात आपलं पाकीट पाहून तो क्षणभर पाकीट घ्यायचंच विसरला. त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकन गेलं. मग त्याने पाकीट घेतलं, शर्टात टाकलं, आणि कोणाच्या लक्षात येणार नाही असा डोळा मिचकावला. मिचकावणं नेहमीचंच होतं, पण ह्या खेपेला तिला तो डोळा मिटल्यासारखा वाटला.

घरी त्याने पाकीट टेबलावर ठेवलं, आणि पाकिटाशेजारी खिशातून काढून आणखी काही नोटा नि चिल्लर.

"हे?" तिने विचारलं.

"ओव्हरटाइमचे."

तो तिच्याकडे पाहत उभा राहिला. पाकीट तिनेच भरलं होतं हे त्याला माहीत होतं, आणि त्याला माहीत आहे हे तिला. त्याने वाट पाहिली. तिने एक शब्द विचारला असता तर त्याने सगळं सांगितलं असतं. हे तिला पुढे नक्की वाटत राहिलं, पण त्या वेळी ती नोटांकडे बघत होती. शेवटी तो "अंघोळ करतो" म्हणाला आणि आत गेला. पाण्याचा आवाज सुरू झाल्यावर तिने पैसे पुढ्यात ओढले. चोरीचा पैसा मोजायला हात धजेना, तरी मोजला. शहाण्णव पेसो, पंचाहत्तर सेंतावो. चिल्लरीत पाच सेंतावोचं एक नाणंही होतं. आजकाल ते भिकारीही घेत नाही, पोरं गटारात फेकतात. पगाराच्या पाकिटाबाहेर ते कुठे दिसतही नाही. चोरट्या कारखान्याचा मालक पाच सेंतावो देतो? कुठली बाई देते? ती नाण्याकडे बघत बसली, आणि जसं एखाद्याचं नाव जिभेवर येऊन अडतं तसा एक आकडा तिच्या बोटांत येऊन अडला. तिने शहाण्णव पंचाहत्तरची दुप्पट केली. एकशे त्र्याण्णव पन्नास. हा आकडा तिने गुरुवारी सकाळी स्वतः लिहिला होता. रोज शहाऐंशी, सोल खात्यातला सगळ्यात वरचा दर, जादा तास नऊ, दुप्पट दराने. कूकोमेस्त्री.

म्हणजे म्हाताऱ्याचं कार्ड, आणि हात चेंचोचे. म्हाताऱ्याला संध्याकाळी दिसत नाही; खिडकीवर तो चाचपडत होता ते तिच्या डोळ्यांसमोर होऊन गेलं आणि तिने ते पाहिलंच नव्हतं. ओव्हरटाइमची पाळी जुन्या माणसाला आधी मिळते, आणि पाळी नाकारली की मुकादम विचार करायला लागतो की हा का नाकारतोय. तेव्हा म्हातारा सहाला निघून जाणार, चेंचो आपलं कार्ड पंच करून मागच्या दाराने वर सोल खात्यात जाणार, म्हाताऱ्याच्या बाकावर बसून सोल चिकटवणार, नऊला म्हाताऱ्याचं कार्ड पंच करणार, पैसा निम्मा-निम्मा. तासांनी खोटं सांगितलं नव्हतं, सगळे नऊच्या नऊ खरोखर कोणीतरी राबलं होतं, फक्त दुसऱ्याच्या नावाने. तिचा जीव भांड्यात पडला. न्हाणीत चेंचो काहीतरी बेसूर गुणगुणत होता आणि तिला त्याच्यावर इतकं प्रेम दाटून आलं की डोळे भरले. मग तिला सोमवारच्या चौकोनातला तो ठिपका आठवला. पाण्याचा आवाज चालूच होता, आणि ती खुर्चीवर तशीच बसून राहिली.

रविवारी चर्चहून परतताना ते नेहमीच्या गाडीवर थांबले आणि डुकराच्या कुरकुरीत कातडीचे, मिरचीच्या रसात बुडवलेले पाव घेतले. चेंचोच्या कोपरापर्यंत रस ओघळत होता. तिने आपला पाव कागदात गुंडाळून ठेवला.

"कूकोमेस्त्रींचं काम तू करतोस," ती म्हणाली.

तो चावायचा थांबला. मग हसला. "पाच सेंतावोंवरून ओळखलंस ना? म्हाताऱ्याला म्हटलं होतं मी, चिल्लर ठेव तुझ्याकडे. म्हणे, निम्मं म्हणजे निम्मं."

"उद्या जाऊ नकोस."

"का?"

"साहेब वर येणार आहेत. कार्डं आणि माणसं ताडून बघायला."

"त्यांना कुठनं सुचलं? इतक्या वर्षांत कोणाला सुचलं नाही. वर अर्धा कारखाना असं करतो, कोणाची बायको बाळंत असते, कोणाचा हात भाजलेला असतो. सगळ्यांना माहीत आहे." तो बोटं चाटत थांबला. "तुमच्या काचेच्या आतल्यांना सोडून."

"मी विचारलं होतं." तिला वाटलं होतं की वाक्य पुढे जाईल, पण ते तेवढंच होतं. "तुझ्या कार्डावर सहाचा शिक्का होता आणि तू घरी नव्हतास. मला वाटलं, तू कातडं चोरून कोणाकडे तरी कामाला जातोस. मला फक्त बघायचं होतं, तू आत असतोस की नाही."

"आणि ते तू साहेबाला विचारलंस."

"तुझं नाव नाही घेतलं."

"मला का नाही विचारलंस?"

"तू का नाही सांगितलंस?"

"तुला सांगणं म्हणजे ऑफिसला सांगणं," तो म्हणाला. "रागावू नकोस. खरं तेच आहे. पोरं मला पहिल्या दिवशीच म्हणाली, चेंचो, घरी तोंडाला कुलूप. मी म्हटलं, माझी बायको तसली नाही. म्हणाले, नसेल, पण कुलूप घाल."

"मी तुझी बायको आहे."

"ते घरी." त्याने कागदाचा बोळा करून टाकला. "आधी वाटलं असेल बाई असेल म्हणून?"

"हो."

"तेवढंच विचारलं असतंस तर मी हसलो असतो." पण तो हसला नाही. घराकडे चालताना तो नेहमीसारखा तिच्या उजव्या बाजूने चालत होता, फक्त रस्ता ओलांडताना त्याने तिचा दंड धरला नाही.

सोमवारी सहा वाजून गेल्यावर तिने पर्स उचलली तेव्हा साहेब म्हणाले, "थांबा सेन्योरा जोविता, कल्पना तुमची, यादीही तुम्हीच धरा." नाही म्हणायला तिला कारण सुचलं नाही. लोखंडी जिन्याने साहेब पुढे आणि ती मागे, छातीशी यादी धरून, सोल खात्यात शिरली. ट्यूबलाइटखाली सात माणसं बसली होती आणि एक सोडून सगळ्यांनी एकदम वर पाहिलं, साहेबांकडे नाही, तिच्याकडे. साहेब नावं वाचत गेले. प्रत्येक नावाला माणूस होता. कूकोमेस्त्री आपल्या बाकावर होते, काळा शाळेचा बूट अगदी डोळ्याला भिडवलेला, ब्रशचं टोक सोलची कड शोधत होतं आणि कड सापडत नव्हती. नाव आल्यावर ते "हजर" म्हणाले, आणि ज्या बाजूला कोणीच नव्हतं त्या बाजूला वळून हसले. "टाचांचा आवाज आला. पोरी, तुलाही ओव्हरटाइम लावला का?" कोणी हसलं नाही. ह्या माणसाला आपण इथे आणून बसवलं, असं तिच्या मनात स्पष्ट आलं. साहेबांनी सातव्या नावापुढे खूण केली. "सगळं चोख आहे," ते तिला म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात थोडी निराशा होती.

मंगळवारी सकाळी मुकादमाला म्हाताऱ्याच्या बाकावर बुटांची एक अख्खी रांग सापडली, ज्यात एकही सोल सरळ नव्हता. बुधवारी कूकोमेस्त्रींना काचेच्या खोलीत बोलावलं. आत काय बोलणं झालं ते कोणाला ऐकू आलं नाही, पण बाहेर येताना म्हाताऱ्याने टोपी हातातच ठेवली होती. गुरुवारी त्यांच्या सेवेचा शेवटचा हिशेब जोविताच्या टेबलावर आला. तिने तो तीनदा केला. जिथे कायदा दोन अर्थांनी वाचता येत होता तिथे तिने म्हाताऱ्याच्या बाजूने वाचला, राहिलेल्या रजा, वर्षअखेरचा वाटा, एक-एक दिवस उकरून काढला. साहेबांनी दोन ठिकाणी भुवई उचलली पण सही केली. आकडा बरा आला. ह्याहून जास्त होऊच शकत नव्हतं, आणि हेच तिला सहन होत नव्हतं. घरी चेंचो वेळेवर यायचा, जेवायचा, "मीठ दे" म्हणायचा. त्याच्या शर्टाला पुन्हा कातड्याचा वास येत होता. तिने एकदा म्हटलं, "मला माहीत नव्हतं," आणि तो म्हणाला, "हो, माहीत नव्हतं," आणि कुत्र्याला भाकरीचा तुकडा टाकला.

शनिवारी तिने खिडकी उघडली. पहिला आला तो शिलाई खात्यातला एक अबोल माणूस, बारा वर्षांत ज्याने "देव भलं करो" यापलीकडे काही म्हटलं नव्हतं. त्याने पाकीट घेतलं, तिथेच फोडलं, नोटा बाहेर काढल्या आणि मोजू लागला. तिला वाटलं, घरी काही अडचण असेल. दुसऱ्याने फोडलं. तिसऱ्याने. कोणी कोणाला कोपराने ढोसलं नाही. कोणी उद्धटपणाही केला नाही. मोजायचे, मान हलवायचे, बाजूला व्हायचे. रांग इतकी सावकाश सरकत होती की साहेब एकदा काचेतून डोकावून गेले. तिला ओरडून सांगावंसं वाटत होतं की ह्या खिडकीतून एक सेंतावोही कधी चुकून गेला नाही. पण ते तर त्यांना माहीतच होतं, आणि त्यांना मोजायचं होतं ते पैसे नव्हतेच. सगळ्यांच्या शेवटी चेंचो आला, कूकोमेस्त्रींना दंडाला धरून. म्हाताऱ्याने कठड्यावर हात फिरवून जाड पाकीट घेतलं, शर्टाच्या आत सरकवलं आणि म्हणाला, "देव भलं करो, पोरी." तो एकटाच न मोजता वळला. त्याने ते विश्वासाने केलं की नोटा दिसत नाहीत म्हणून, हे तिला कळलं नाही, आणि कधी कळणारही नव्हतं.

मग चेंचो खिडकीशी आला. तिने त्याचं पाकीट पुढे केलं आणि हात मागे घेतला नाही. तो डोळा मिचकावेल म्हणून तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्याने पाकीट फोडलं. अंगठा जिभेला लावला. एक, दोन, तीन, मोठ्याने नाही, ओठांनी. मग गठ्ठा उलटा केला आणि पुन्हा उलटीकडून. शेवटी चिल्लर तळहातावर ओतून बोटाने एकेक नाणं सरकवलं, आणि नोटा घडी घालून खिशात ठेवल्या.

"बरोबर आहे, सेन्योरा," तो म्हणाला.

"पुढचा," ती म्हणाली. त्याच्यामागे कारखान्याचं अंगण रिकामं होतं.